शिट्टी येते गो?

बाबांना आता समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजलाय, त्यामुळे ज्याच्याकडे नीट बघावं तेच नेमकं धूसर होतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानापलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात, तेव्हा कुठे माझा चेहरा त्यांना थोडाफार लागतो. टीव्हीसमोरही खुर्ची तिरकी करून बसतात. नवीन माणसाला वाटतं यांचं लक्ष नाही. लक्ष पूर्ण असतं.

त्याच तिरक्या खुर्चीतून २०२३ साली त्यांनी माझ्या शेजारी बसून स्टार ट्रेक, ती अंतराळयानाची जुनी अमेरिकन मालिका, परत आलेली बघितली. त्याबद्दल लिहायचं किती दिवस मनात होतं. पण सुरुवात दुकानापासूनच करावी लागेल.

बाबा टीव्ही-रेडिओ मेकॅनिक. गोव्यात, फोंड्याच्या वरच्या बाजारात जिन्याखाली त्यांचा गाळा होता. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढीच जागा. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, रोझिनची डबी, आणि दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत निवडून ठेवलेले कंडेन्सर आणि रेझिस्टन्स. मागच्या फळीवर मेलेले सेट. मेलेला सेट त्यांनी कधी भंगारात घातला नाही. याचा ट्यूनर अजून चांगला आहे, त्याची पिक्चर ट्यूब चांगली आहे, असं म्हणत एकाचं काढून दुसऱ्याला बसवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "जुनं आहे, पण चालेल."

शाळा सुटली की मी दुकानात. दहा वर्षांची असेन. मागचं झाकण काढलेला सेट चालू करून बाबा मला जवळ बोलवायचे आणि विचारायचे, "बाय, शिट्टी येते गो?" मी कान देऊन ऐकायची. सुईसारखी बारीक, थेट डोक्यात शिरणारी शिट्टी. "येते." मग ते मान डोलवून पुढच्या तपासाला लागायचे. मी "नाही" म्हटलं की हात आधी ईएचटीकडे, म्हणजे सेटमधल्या हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरकडे, जायचा.

मला तो आमच्या दोघांचा खेळ वाटायचा. अकरावी सायन्सला गेल्यावर कळलं ते काय होतं. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. त्या ओळी ओढणारा ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच वेगानं थरथरतो, त्याची ती शिट्टी. लहान मुलांना ती स्वच्छ ऐकू येते. वय वाढतं तसा इतक्या वरच्या पट्टीतला आवाज कानाला लागेनासा होतो. बाबांचा जन्म १९३८ चा, म्हणजे तेव्हा ते सत्तेचाळीसच्या आसपास. त्यांना शिट्टी ऐकूच येत नव्हती. मीटर लावून तेच कळलं असतं, पण मीटरच्या आधी ते मला विचारायचे.

आमच्या घरात बोलणं अर्धं कोंकणी, वाचणं-लिहिणं मराठी, आणि इंग्रजी फक्त बाबांच्या सर्किटच्या पुस्तकांत. अशा घरात रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायची. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालून, ७९ भागांत बंदही पडली होती. आमच्याकडे आली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्याला. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजून गेलेला असायचा, आई भाजीला फोडणी देत असायची, आणि बाबा कौलांवर चढून अँटेना पणजीकडे वळवत असायचे. मी खाली खिडकीत. "मुंग्या आहेत... अजून आहेत... आता थांबा, थांबा!" ते खाली उतरेपर्यंत सोप्यावर शेजारची सात-आठ मुलं येऊन बसलेली. सगळ्यांच्या हातात पाव.

संवाद कुणालाच कळायचे नाहीत. बाबा अंदाजानं गोष्ट सांगायचे, आणि पुढे मोठेपणी सगळे भाग पुन्हा बघितले तेव्हा लक्षात आलं की निम्म्या गोष्टी त्यांनी स्वतःच रचल्या होत्या. पण ट्रान्सपोर्टर त्यांनी जसा समजावला तसा मला पुढे कुठल्या पुस्तकानं समजावला नाही. माणूस इथे चमचमत नाहीसा होतो आणि खाली ग्रहावर उभा राहतो, ते कसं? बाबा म्हणाले, "सोपं आहे. टीव्हीवाले चित्राच्या ओळी करून पाठवतात, इथे आपण त्या परत जोडतो. हे लोक माणसाच्या ओळी करतात." दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते म्हणून मालिकेच्या लोकांनी ही युक्ती काढली होती, हे मी फार नंतर वाचलं.

आमचा सेट ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे कप्तान कर्कचा शर्ट सोनेरी, परग्रहावरच्या स्पॉकचा निळा आणि इंजिनियर स्कॉटीचा लाल हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. माझ्यासाठी करड्याच्या तीन छटा होत्या, आणि कोण कुठल्या खात्यातला हे मी छटांवरून ओळखायची. रंगीत बघितल्यावर मला आनंद झाला नाही, चुकल्यासारखं वाटलं. आजही डोळे मिटले की माझा स्पॉक करडाच दिसतो.

एक भाग मात्र भाषा न कळताही पूर्ण कळला होता. एका ग्रहावर खाण आहे. खाणीत काहीतरी हिंडतंय आणि माणसांना मारतंय. दगडातून लोण्यातून जावं तसं जाणारं, गालिच्यासारखं पसरट जनावर, हॉर्टा. शेवटी कळतं की ती आई आहे. खाणकामगार ज्यांना नुसते गोल दगड समजून फोडत होते, ती तिची अंडी होती. स्पॉक तिला हात लावतो आणि तिची वेदना त्याच्या तोंडून बाहेर पडते. माझा मामा तेव्हा डिचोलीला खाणीवर होता. घरी आला की त्याच्या सदऱ्याच्या शिवणीत, नखांत, कानामागे ती लाल माती असायची, आई त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. तो भाग संपल्यावर मी मामाला विचारलं होतं, तुम्ही खणता तिथे गोल दगड मिळतात का? त्यानं मला हसण्यावारी नेलं नाही. म्हणाला, बघून सांगतो. पुढच्या खेपेला सांगितलं, नाहीत, नीट बघितलं.

नव्वदच्या दशकात केबल आली. माडांवरून, पोफळींवरून काळी वायर घराघरांत गेली. आमच्या भागातला केबलवाला बूस्टर दुरुस्तीला बाबांकडेच आणायचा, म्हणून आमच्याकडे जोडणी लवकर आली, आणि एका रात्री पडद्यावर एंटरप्राइज, स्टार ट्रेकमधलं ते यान, आलं. यान नवीन, माणसंही नवीन. कर्कच्या जागी टक्कल पडलेला, शांत, चहा पिणारा कप्तान, पिकार्ड. स्टार ट्रेकची दुसरी पिढी. अमेरिकेत ती १९८७ सालीच सुरू झाली होती. मला पहिले पंधरा दिवस राग होता, मग गेला.

बाबांचं पिकार्डकडे फारसं लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं, "तो डोळ्यांवर काय लावलंय त्यानं?" तो जॉर्डी ला फोर्ज. जन्मांध. डोळ्यांवर केसांच्या क्लिपसारखा सोनेरी पट्टा, त्याचं नाव व्हायझर, आणि त्यातून तो आपल्याला दिसत नाही तेही बघतो. पहिल्या वर्षी तो यान चालवायचा, दुसऱ्या वर्षापासून मुख्य इंजिनियर झाला. मी हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आंधळ्याच्या हातात अख्खं इंजिन दिलंय?" आणि त्या दिवसापासून जॉर्डी आमच्या घरचा झाला. तो इंजिनाला हात लावून नुसता उभा राहिला तरी बाबा आईला हाक मारायचे. या पात्राचं नाव जॉर्ज ला फोर्ज नावाच्या एका खऱ्या चाहत्यावरून ठेवलंय. स्नायूंच्या आजारानं तो १९७५ मध्ये गेला होता. आणि नट लेव्हार बर्टन, ज्याला पडद्यावर सगळ्यांपेक्षा जास्त दिसायचं, त्याला तो पट्टा लावल्यावर प्रत्यक्षात जवळजवळ काहीच दिसायचं नाही.

१९९४ मध्ये सात वर्षांनी ती मालिका संपली. शेवटच्या दृश्यात अधिकारी नेहमीसारखे पत्ते खेळत असतात, आणि कधीही त्यांच्यात न बसलेला पिकार्ड पहिल्यांदा येऊन पानं वाटायला घेतो. आमच्याकडे चवथीला रात्रभर पत्ते चालतात. फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली गणपती, दिवे मंद केलेले, आणि बाहेर सोप्यावर काका, आत्या, चुलत भावंडं वर्तुळ करून. आजोबा त्यात कधी बसायचे नाहीत, आतून नुसते आवाज ऐकायचे. एका वर्षी आपण होऊन बसले. त्यामुळे ते दृश्य मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

मधली वर्षं भराभर गेली. सिनेमे आले. २००२ च्या सिनेमात यंत्रमानव डेटा मेला आणि त्या मंडळींचं सगळं तिथेच थांबलं. माझं लग्न झालं, एका पतसंस्थेत हिशेबाची नोकरी लागली, मुलगी झाली. चपटे टीव्ही आले तसं दुकानातलं काम आटत गेलं. बाबांनी गाळा सोडला आणि आई गेल्यावर ते कुर्टीला माझ्याकडे आले. सामान काय काय आणायचं म्हटल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, आमचा तो जुना ब्लॅक अँड व्हाइट सेट. तो माळ्यावर ठेवला.

ऑगस्ट २०१८ मध्ये कदंबच्या बसमध्ये मोबाइलवर बातमी वाचली की पिकार्ड करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टनं लास व्हेगासच्या चाहत्यांच्या मेळाव्यात स्वतः जाहीर केलंय, पिकार्ड परत येणार. मी चक्क एक थांबा पुढे उतरले. घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "आणि तो इंजिनवाला?"

तो लगेच आला नाही. पिकार्डच्या नव्या मालिकेचं पहिलं सत्र जानेवारी २०२० मध्ये सुरू झालं. पिकार्ड म्हातारा, फ्रान्समधल्या आपल्या द्राक्षमळ्यात कुत्रा घेऊन राहणारा. आमच्याकडे जत्रेतल्या मराठी नाटकांना बाबा वर्षानुवर्षं माइक लावायचे. एकच माणूस दर वर्षी एकच भूमिका करतोय, आणि एका वर्षी त्याचा आवाज पहिल्या अंकातच बसतोय, हे आम्ही विंगेतून बघितलेलं. लोक तरीही त्यालाच टाळ्या देतात, कारण समोर राजाही दिसत असतो आणि तो माणूसही. स्टुअर्ट तेव्हा एकोणऐंशीचा होता. त्याचा तो घोगरा आवाज ऐकून मला तसंच झालं. पण ते सत्र मला फार उदास वाटलं, आणि दुसरं तर भरकटलंच. पहिल्याचा शेवट मात्र विसरणार नाही. २७ मार्च २०२०, टाळेबंदीचे पहिले दिवस, फोंड्यात किराणा दुकानंसुद्धा बंद, रस्त्यावर पाखरू नाही. आणि पडद्यावर सिनेमात मेलेल्या डेटाची शिल्लक राहिलेली जाणीव पिकार्डला सांगतेय की मला नीट मरू दे. आम्ही दोघं एक शब्द न बोलता बसून राहिलो.

तिसरं सत्र फेब्रुवारी २०२३ चं. तोवर बाबांचे डोळे गेले होते. दर शुक्रवारी रात्री जेवणं आटपली की मी भाग लावायची आणि समोर काय चाललंय ते हळू आवाजात सांगत जायची. चाळीस वर्षांपूर्वी ते सांगायचे आणि मी बघायची. मी मात्र स्वतःचं काही रचलं नाही, एवढा फरक.

सहाव्या भागात जॉर्डी आला. आता तो जुन्या यानांच्या संग्रहालयाचा प्रमुख, केस पिकलेले, आणि त्याच्याबरोबर तिथेच काम करणारी, त्याच्या दोन मुलींपैकी एक. ती भूमिका लेव्हार बर्टनच्या खऱ्या मुलीनं, मिका बर्टननं केलीय. मी बाबांना हे सांगितलं. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "दोघं काय दुरुस्त करतायत ते नीट बघून सांग."

काय दुरुस्त करत होता ते नवव्या भागात कळलं. आमच्याकडे तो १४ एप्रिलला आला. बोर्ग नावाच्या शत्रूनं अख्खा ताफा ताब्यात घेतलाय. कसा? ट्रान्सपोर्टरमधून, माणसाच्या ओळी जोडताना त्यात स्वतःचं काहीतरी मिसळून. मग एक सिग्नल सोडतात, आणि तो फक्त पंचविशीच्या आतल्यांना लागतो. सगळी तरुण पोरं एका क्षणात परकी होतात, जॉर्डीच्या दोन्ही मुलीसुद्धा. म्हाताऱ्यांना काही होत नाही.

मी हे सांगत होते तेवढ्यात बाबा म्हणाले, "शिट्टीसारखं."

मी भाग थांबवला. मला इतक्या वर्षांत ते कधी सुचलं नसतं.

"लाव, लाव," ते म्हणाले. "पुढे?"

पुढे जॉर्डी सगळ्या जुन्या मंडळींना एका गोदीत घेऊन जातो. नवी यानं एकमेकांना जोडलेली, म्हणून सगळी एकदम गेली. आता जोडलेलं नसलेलं एखादं जुनंच हवं. आणि समोर उभं असतं ते एंटरप्राइज, १९९४ च्या सिनेमात कोसळलेलं. त्याची वरची बशी जॉर्डीनं त्या ग्रहावरून काढून आणली, मागचं इंजिन दुसऱ्या एका यानाचं बसवलं, आणि वीस वर्षं थोडं थोडं करत ते उभं केलं. मी "दुसऱ्या यानाचं इंजिन" म्हटलं आणि बाबांनी माझ्या हातावर थाप मारली. "ह्याचं काढून त्याला! मी काय सांगायचो?"

मंडळी आत येतात. अंधार. मग एकेक करून दिवे लागतात आणि तीच वळणदार लाकडी कमान, त्याच खुर्च्या, तोच गालिचा. मूळ सेट केव्हाच मोडला होता. कलादिग्दर्शनाच्या लोकांनी जुने नकाशे आणि जुनं चित्रीकरण ताडून तो नव्यानं बांधला. पिकार्ड तर म्हणतोही, की सगळ्यात जास्त आठवण या गालिच्याचीच यायची. मी सांगत होते, कमान आहे बाबा, तीच, मागच्या भिंतीवर पट्ट्या लागल्यात. माझा आवाज बसायला लागला होता. बाबांना मी सांगते तेवढंच कळत असेल असं धरून मी घाई करत होते.

तेवढ्यात यानाचा कॉम्प्युटर बोलला. बाबांनी हात वर करून मला गप्प केलं. "ही तीच बाई. सेट बांधता येतो गो, आवाज कसा बांधणार? ही आपल्या रविवारची बाई."

खरंच तीच होती. मेजल बॅरेट, मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची पत्नी. साठच्या दशकातल्या कॉम्प्युटरचा आवाज तिचा, दुसऱ्या पिढीतलाही तिचाच. ती २००८ मध्ये गेली, पण जुन्या रेकॉर्डिंगमधून तो आवाज त्यांनी इथे आणला होता. मी डोळ्यांनी कमान आणि खुर्च्या मोजत राहिले. बाबांनी दोन शब्दांत तिला ओळखलं.

पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग. मुली परत येतात. अखेरीस सगळे पुन्हा पत्ते खेळायला बसतात, कॅमेरा वरून हळूहळू टेबलाभोवती फिरतो, आणि कितीतरी वेळ नुसते हसण्याचे आणि पानं टाकण्याचे आवाज. मी सांगायचं थांबवलं होतं. बाबा तिरके बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ते म्हणाले, "माळ्यावरचा सेट उतरव."

मी आणि नवऱ्यानं मिळून उतरवला. वर बोटभर धूळ. बाबांनी मला शेजारी बसवून झाकण उघडायला लावलं, स्क्रू वाटीत टाकायला लावले, ब्रशनं आतली जळमटं काढायला लावली. इतकी वर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावायचा नाही. मध्ये शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो. ठीक असेल तर एकदा उजळतो आणि मंद होतो. तसला पिवळा बल्ब हल्ली मिळतो कुठे, देवघरामागच्या खोलीतला काढून आणला. बाबांनी बोटांनी वायरीची टोकं चाचपली, एक सांधा पुन्हा सोल्डर करायला लावला. माझा हात थरथरत होता. ते सोल्डरच्या धुराच्या वासावरून सांगत होते, "आता पुरे. काढ."

बटण दाबलं. बल्ब उजळला, आणि हळूहळू उतरला.

"बाय, शिट्टी येते गो?"

मी कान लावला. अगदी झाकणाजवळ, पूर्वी उभी राहायची तशी. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. बाकी काही नाही. मी पुन्हा ऐकलं. मी आता एकोणपन्नासची आहे.

"नाही हो, बाबा."

त्यांचा चेहरा उतरला. हात आपोआप ईएचटीच्या दिशेनं गेला आणि अर्ध्यात थांबला.

माझी मुलगी आतून दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आली. "आई, हे काय लावलंय? केवढी शिट्टी येतेय!"

बाबा तिच्या आवाजाकडे वळले, मग नेहमीसारखी मान जराशी बाजूला नेली, तिचा चेहरा लागावा म्हणून.

"म्हणजे ईएचटी ठीक आहे," ते म्हणाले. "ये, इथे बस. आता ट्यूनर बघू."